खंडित जोडणी आणि ई-मेलचे वितरण

पाठविलेला ई-मेल तत्क्षणी समोरच्या संगणकावर पोचतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ही सारी व्यवस्था ‘साठवा आणि पुढे पाठवा’ या तत्त्वावर उभी आहे. ज्या संगणकाची इंटरनेट जोडणी दिवसातून थोडाच वेळ चालू असते, त्याचे संदेश तोपर्यंत कोणी सांभाळायचे, हा त्यातील कळीचा प्रश्न होय.

प्रारंभी हा प्रश्न दूरध्वनीने सोडविला. बेल प्रयोगशाळेतील माइक लेस्क यांनी तयार केलेली ‘यूयूसीपी’ ही प्रणाली १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर वितरित झाली. तीत एक संगणक दुसऱ्याला दूरध्वनी लावी, साठलेल्या संदेशांची देवाणघेवाण करी आणि जोडणी तोडी. दर कमी असलेल्या रात्रीच्या वेळी हे काम उरकता येई. भारतात १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’ प्रकल्पातही मुंबईतील एनसीएसटी व आयआयटी या संस्थांमधील प्रारंभीचा ई-मेल असाच डायल-अप जोडणीवरून जात असे.

जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या ‘एसएमटीपी’ नियमावलीने जबाबदारी निश्चित केली. ज्या सर्व्हरने ‘२५०’ हा स्वीकृतीचा संकेत दिला, त्याने संदेश पुढे पोचवावा अथवा अपयशाची सूचना प्रेषकाकडे धाडावी. पुढचा संगणक बंद असल्यास पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा. किमान चार-पाच दिवस तरी हार मानू नये, असा संकेत आहे. तथापि, प्रेषकाचा प्रयत्न आणि ग्राहकाची जोडणी यांची वेळ जुळेलच असे नाही. म्हणून सतत चालू असणारा सेवादात्याचा सर्व्हर ‘एमएक्स’ नोंदीद्वारे राखीव ठेवून संदेश तेथे जमा केले जाऊ लागले.

हा साठा हवाली कसा करायचा? ‘टर्न’ ही मूळ आज्ञा मागणाऱ्याची ओळख न पटविताच संदेश देई. त्यामुळे तोतयाचे फावत असे. १९९६ च्या ‘ईटीआरएन’मध्ये सर्व्हर नोंदलेल्या पत्त्याशी स्वतःहून नवी जोडणी करू लागला. मात्र त्यासाठी स्थिर आयपी पत्ता हवा. १९९९ च्या ‘एटीआरएन’ने आधी ओळख पटवून त्याच जोडणीवरून संदेश देण्याची सोय केली. त्यामुळे प्रत्येक वेळी पत्ता बदलणाऱ्या डायल-अप ग्राहकाचीही अडचण दूर झाली.

व्यक्तिगत ग्राहकास ‘पॉप-३’ची पेटी पुरते. संपूर्ण कार्यालयाचे संदेश मात्र एकाच पेटीत साठविल्यास, संदेशाचा बाह्य पत्ता जपला नसेल तर तो नेमका कोणासाठी होता हे कळत नाही. गुप्त प्रतींच्या बाबतीत हा घोटाळा हमखास होतो.

जेथे दूरध्वनीची तारही नाही, तेथे वाहन टपालवाहक होऊ शकते. कर्नाटकातील दोड्डबळ्ळापूर परिसरात ‘डाकनेट’ प्रयोगात बसवरील वायरलेस यंत्र गावोगावच्या संगणकांतील माहिती गोळा करून शहरात पोचवीत असे. २००४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले.

माध्यम कोणतेही असो, संदेश सुरक्षित राहण्याचे सूत्र एकच आहे: पुढच्याने स्वीकृती देईपर्यंत मागच्याने आपली प्रत पुसू नये.