शीतकपाटांतील हिम

उष्ण प्रदेशांत बर्फ ही एके काळीं परदेशची चीज होती. इ. स. १८३३ मध्यें फ्रेडरिक ट्यूडर ह्या अमेरिकन व्यापाऱ्यानें बोस्टनहून 'टस्कनी' जहाजानें सुमारें १८० टन बर्फ कलकत्त्यास धाडला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यांतला सुमारें १०० टन शिल्लक उरला, आणि तेंच मोठें यश मानलें गेलें. पुढें मुंबईसही हा बर्फ येऊं लागला व तो सांठविण्यासाठीं तेथें बर्फघर उभें राहिलें. बर्फ वितळूं कसा द्यावयाचा नाहीं, एवढीच त्या पिढीची चिंता. शंभर वर्षें लोटतात न लोटतात तोंच पाश्चात्य गृहिणींपुढें उलट प्रश्न उभा राहिला : साचलेला बर्फ वितळवावा कसा ?

ह्या पालटाचें बीज इ. स. १८३४ मध्यें पडलें. त्या वर्षीं जेकब पर्किन्स ह्यानें लंडन येथें शीतयंत्राचें पेटंट मिळविलें. द्रवाचें बाष्प होतांना तो भोंवतालची उष्णता शोषून घेतो. तें बाष्प दाबून पुन्हां द्रव करावें व हेंच चक्र चालूं ठेवावें, हें त्या यंत्राचें तत्त्व. आजचा रेफ्रिजरेटरही बहुधा ह्याच तत्त्वावर चालतो. परंतु दार उघडलें कीं बाहेरची दमट हवा आंत शिरते, आणि तिच्यांतील पाणी थंड नळ्यांवर हिम होऊन बसतें. मुंबईच्या पावसाळ्यांत तर तें अधिकच सांचतें. हें हिम हवेनें भरलेलें, म्हणजे जणूं कापसाची दुलईच. त्यामुळें नळ्यांची थंडी आंतल्या हवेस पोंचत नाहीं. यंत्र अहोरात्र चालतें आणि दूध मात्र नासतें.

यंत्र बंद करून वाट पाहणें, हा जुना उपाय. उतावीळ माणसें मात्र सुरीनें हिम खरवडीत. नळीस भोंक पडे, आणि त्या काळच्या नळ्यांत अमोनिया, सल्फर डायॉक्साइड किंवा मेथिल क्लोराइड असे विषारी वायु असत. सांध्यांतून गळलेल्या अशाच वायूनें बर्लिनमधील एक कुटुंब मृत्यु पावलें, ही वार्ता वाचून आइन्स्टाइन व झिलार्ड ह्या शास्त्रज्ञांनीं चालते भाग नसलेलें शीतयंत्र योजिलें. त्याचें अमेरिकन पेटंट १९३० सालीं मिळालें. तें यंत्र बाजारांत मात्र आलें नाहीं. त्याच सुमारास निघालेल्या फ्रिऑन वायूनें विषाची भीति दूर केली. पण असे वायु ओझोनच्या थरास घातक ठरल्यामुळें १९८७ च्या मॉण्ट्रियल करारानें त्यांस आळा घातला. आज पुष्कळ शीतकपाटांत आयसोब्यूटेन असतो. तो ज्वालाग्राही आहे. म्हणून सुरीचा निषेध अद्याप कायम आहे.

इ. स. १९५० नंतरच्या दशकांत हिम आपोआप वितळविणारीं कपाटें निघालीं. ह्यांत तिघांचा मेळ असतो : ठराविक काळानें शीतचक्र थांबविणारें घड्याळ, नळ्यांखालील तापक, आणि ऊब पुरेशी होतांच विद्युत् तोडणारा थर्मोस्टॅट. अलीकडे घड्याळाचें काम पुष्कळदां इलेक्ट्रॉनिक पट्टी करते. तिघांपैकीं एकानें दगा दिला कीं हिम सांचतें, पंख्याची वाट अडते, आणि फ्रीझर थंड असूनही खालचा कप्पा उबट होतो.

दोषाची पारख क्रमानें करावी. प्रथम दाराची रबरी पट्टी नीट बसते कीं नाहीं तें पाहावें. मग विद्युत् तोडून, दार उघडें ठेवून, एक दिवस सर्व हिम वितळूं द्यावें. त्यानंतर कपाट कांहीं दिवस उत्तम चाललें व पुन्हां तसेंच बिघडलें, तर दोष बहुधा ह्या त्रिकुटांत असतो. उलट नळ्यांच्या एकाच टोंकास हिम धरत असेल, तर वायु कमी झाल्याचा संशय घ्यावा. तळाशीं बर्फाची लादी जमत असेल, तर पाणी वाहून नेणारें छिद्र तुंबलेलें असतें. तापक व थर्मोस्टॅट जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावे. निष्कारण वायु भरण्याचा खर्च त्यामुळें वांचतो.

ट्यूडरचा बर्फ राखावयास लांकडाचा भुसा पुरे होई. यंत्रानें केलेलें हिम घालवावयास मात्र त्याचें कारण ओळखावें लागतें.