सारंगी पुढे येऊन बसली

आमच्या पिढीच्या कानांवर सारंगी पडली ती बहुतेक वाईट दिवशीच. १९८४ साली इंदिरा गांधींची हत्या झाली तेव्हा मी शाळेत होतो. कल्याणात दूधनाक्याच्या बाजूला दुकानं बंद होती, आणि घराघरांतल्या रेडिओतून एकच वाद्य वाजत होतं. पुढे ती सवयच झाली. रेडिओवर अवेळी सारंगी लागली की घरातली मोठी माणसं विचारायची, ‘कोण गेलं?’ सारंगी म्हणजे रडणारं वाद्य, ही समजूत आमच्या मनात अशी पक्की बसली.

ही समजूत खोडून काढण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, ते पंडित रामनारायण. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईत वयाच्या ९६व्या वर्षी ते गेले.

गजानं वाजवायच्या वाद्यांचं नशीब जगभर काहीसं सारखंच दिसतं. युरोपातला चेलो घ्या. व्हायोलिनच्या कुटुंबातलं हे थोरलं भावंडं गुडघ्यांत धरून वाजवतात. सुरुवातीच्या काळात त्याचं काम मुख्यतः खालून आधार देण्याचं. बाखनं चेलोसाठी लिहिलेल्या सहा रचना तर लोक रियाजाचे धडे समजत. स्पेनमधल्या पाब्लो कासाल्स या मुलाला वयाच्या तेराव्या वर्षी बार्सिलोनातल्या एका जुन्या दुकानात त्या रचनांची प्रत मिळाली. बारा वर्षं त्यानं त्या घोटल्या आणि मगच लोकांसमोर वाजवल्या. चेलोला मानाची जागा मिळण्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे.

आपल्याकडे सारंगीची अडचण मात्र नुसती साथीची नव्हती. तिच्यावर कोठ्याचा शिक्का होता. गाणारणीच्या मागे बसणारा तो सारंगिया, ही तिची ओळख. रामनारायण यांचा जन्म २५ डिसेंबर १९२७चा, उदयपूरजवळचा. वडील दिलरुबा वाजवीत. घराण्याची वंशावळ ठेवणारे गुरू एक लहानशी सारंगी घरी ठेवून गेले होते, ती सहाएक वर्षांच्या रामच्या हाती लागली. वडिलांना आनंदापेक्षा काळजीच अधिक वाटली. पोरगा हे वाद्य घेऊन बसला तर समाजात त्याला कोण विचारणार? तरी त्यांनीच त्याला बोटं कशी ठेवायची ते दाखवलं. पुढे जयपूरच्या मेहबूब खाँकडे शिकवणी घ्यायचं ठरत होतं. खाँसाहेब म्हणाले, बोटांची ही पद्धत बदलावी लागेल. वडिलांनी तो बेतच सोडून दिला.

बोटांचं हे प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. सारंगी एकाच लाकडातून कोरतात, पोटावर कातडं ताणतात, वर आतड्याच्या तीन जाड तारा आणि खाली पस्तीसच्या आसपास तरफा असतात. तरफांना कुणी हात लावत नाही, त्या वरच्या सुरानं आपोआप झंकारतात. मुख्य तार दाबायची तीही बोटाच्या पेरानं नव्हे. नखाच्या मुळाशी असलेली कातडी तारेला बाजूनं भिडवायची आणि तशीच घसरवत न्यायची. वर्षानुवर्षांच्या रियाजानं तिथे घट्टे पडतात, नखांवर खाचा उमटतात.

या खाचांनीच रामनारायण यांचं नशीब ठरवलं. १९४४च्या सुमारास ते लाहोरच्या रेडिओ केंद्रावर गेले, ते गायकाची नोकरी मागायला. तिथल्या जीवनलाल मट्टू यांची नजर त्यांच्या नखांवर गेली आणि त्यांनी या तरुणाला सारंगीवादक म्हणून ठेवून घेतलं. गायक व्हायची इच्छा गैर नव्हती. अमीर खाँ सारंगियाचे पुत्र, बडे गुलाम अली खाँनीही आधी सारंगी वाजवलेली. किराणा घराण्याची मुळंही सारंगीवादकांच्या कुटुंबात. बुद्धिमान मुलं सारंगी खाली ठेवत आणि गाऊ लागत, कारण मान तिकडे होता. लाहोरला रामनारायण यांनी किराण्याच्याच अब्दुल वहीद खाँकडून तालीम घेतली. ती गळ्याची होती, आणि त्यांनी ती गजावर उतरवली.

इथे रेडिओचा एक उपकार सांगायला हवा. ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. ठरावीक पट्ट्यांच्या त्या पेटीतून मींड निघत नाही, हे एक कारण. बंदी जवळजवळ तीस वर्षं टिकली. पेटीवाल्यांवर तो अन्याय होता असंच माझं मत आहे. पण त्यामुळे अनेक सारंगियांना दरमहा पगाराची नोकरी मिळाली, हेही खरं.

फाळणीनंतर रामनारायण दिल्ली केंद्रावर आले. ओंकारनाथ ठाकूर, हिराबाई बडोदेकर अशा मोठ्यांना त्यांनी साथ केली. हा साथीदार जरा जास्तच वाजवतो, अशी तक्रारही होऊ लागली. १९४९ मध्ये ते मुंबईला आले आणि चित्रपटसंगीतानं त्यांना पोटाला लावलं. ‘अदालत’, ‘मुघल-ए-आझम’, ‘गंगा जमुना’ या चित्रपटांत त्यांची सारंगी आहे. तुम्ही ती ऐकली आहे, फक्त नाव माहीत नव्हतं.

१९५४ साली मुंबईच्या कावसजी जहांगीर हॉलमधल्या एका महोत्सवात ते एकटे, सारंगी घेऊन, मंचावर बसले. लोक पुढच्या मोठ्या नावांची वाट पाहत होते. आरडाओरडा झाला आणि त्यांना वादन सोडून उठावं लागलं. (त्याच वास्तूत आता आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे.) अशा प्रसंगानंतर सिनेमाच्या चांगल्या पैशांत माणूस सुखानं राहिला असता. ते १९५६ मध्ये मुंबईतच पुन्हा बसले, आणि या वेळी लोकांनी ऐकलं. पुढे त्यांनी साथ करणंच सोडलं.

ते पहिले मात्र नव्हेत. १९५५ साली कराचीत वारलेल्या बुंदू खाँनी त्यांच्या आधी एकल सारंगी वाजवली होती. आणि आपल्या मराठी माणसानं कादरबक्ष यांना विसरू नये. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत तबल्यावर थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष असत. ज्या गाण्यांना आपल्या आज्यांनी वन्समोअर दिले, त्यांच्यामागे ही सारंगी होती. टाळ्या कुणाला मिळाल्या ते वेगळं सांगायला नको.

आमच्या मोहल्ल्यात एक म्हातारे गृहस्थ होते. तरुणपणी मुंबईत गाणाऱ्या बायकांना त्यांनी सारंगीची साथ केलेली. सारंगी कपड्यात गुंडाळून कपाटावर ठेवलेली असे, आणि मुलीला पाहायला माणसं येणार असली की ती शेजाऱ्यांकडे जाई. मी एकदा ‘वाजवून दाखवा ना, चाचा’ म्हणालो. त्यांनी नुसती बोटं दाखवली. नखांखाली काळपट घट्टे होते. लगतच्या डोंबिवलीत गजाननबुवा जोशी व्हायोलिनवर ख्याल वाजवून मान मिळवत होते, तेव्हाची ही गोष्ट. परदेशी व्हायोलिन बैठकीच्या खोलीत आलं आणि इथली सारंगी कपाटावर राहिली. बुवांच्या विद्वत्तेबद्दल माझ्या मनात आदरच आहे, पण हा फरक मला टोचत आला. माणसं मलाही विचारतात, तुम्ही मराठीत कसे लिहिता? वाद्याला आणि भाषेला जात चिकटवण्याची हौस आपल्याला फार.

१९६४ मध्ये रामनारायण थोरले बंधू, तबलावादक चतुरलाल यांच्यासह अमेरिका-युरोपच्या दौऱ्यावर गेले. पुढल्याच वर्षी चतुरलाल वारले. तो धक्का मोठा होता, पण दौरे चालू राहिले. तबल्यावर आपले सुरेश तळवलकर असलेली त्यांची ध्वनिमुद्रणं तिकडे निघाली. पहिली ध्वनिमुद्रिका ऐकायची तर त्यांतलीच घ्या. सुरुवातीचा आलाप घाई न करता ऐका. रडणं कुठे ऐकू येतं ते मला कळवा. १९७६ मध्ये पद्मश्री, १९९१ मध्ये पद्मभूषण आणि २००५ मध्ये पद्मविभूषण मिळालं.

साथीची सारंगी मात्र मागेच पडत गेली. आमच्याकडच्या संगीत महोत्सवांत आज गायकाच्या शेजारी पेटीच दिसते, सारंगी क्वचित. तिची जागा घेण्यात पेटीची सोय आहे. ती लवकर शिकता येते, आणि मैफलीआधी पस्तीस तरफा लावत बसावं लागत नाही.

पंडितजींनी आपली विद्या घरात कुणाला दिली हेही पाहा. मुलगा ब्रिज नारायण सरोदकडे वळला, नातू हर्ष सारंगी वाजवतो. आणि मुलगी अरुणा. ज्या वाद्याच्या इतिहासात बाई पुढे गात होती आणि पुरुष मागे बसून सारंगी वाजवत होता, ते वाद्य बापानं मुलीच्या हाती दिलं. ती आज एकल सारंगीवादक म्हणून ओळखली जाते.