पाठीवरचे बिऱ्हाड

प्रवासाचा इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष आजवर रस्त्यांकडे, घाटांकडे, जकातीच्या नाक्यांकडे आणि फार तर वाहनांकडे गेले. पण त्या वाहनाच्या पाठीवर जे सामान लादले जाई ते कशात भरीत, कसे आवळीत आणि मुक्कामावर कसे उतरवीत, याची चौकशी करण्याची तसदी क्वचितच कोणी घेतली असेल. वस्तुतः मोहिमेचा वेग, तिचा पल्ला आणि पुष्कळदा तिचा निकालही या क्षुल्लक भासणाऱ्या तपशिलावर अवलंबून राहिलेला आहे. आज तंबू, शेगडी आणि पांघरूण बांधून मोटारसायकलवरून स्पितीकडे वा लडाखकडे निघणारा तरुण जेव्हा पत्र्याच्या पेट्या घ्याव्यात की कापडी पिशव्या, अशा विवंचनेत पडतो, तेव्हा ही विवंचना आपल्याच पिढीच्या वाट्याला प्रथम आली अशी त्याची समजूत असते. चालत्या पाठीवर ओझे वाहण्याचा प्रसंग ज्यांच्यावर नित्य येई, त्या लमाणांनी, स्वारांनी आणि टपालवाल्यांनी तिचा निवाडा फार पूर्वीच करून ठेवला आहे.

चाकाची गाडी जिथे पोचू शकत नसे अशा मुलखात मालवाहतुकीची सारी भिस्त लमाण-वंजाऱ्यांच्या बैलांवर असे. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३२ साली आग्र्याहून पाटण्यास चालला असता त्याला वाटेत धान्याने लादलेल्या सुमारे १४,००० बैलांचा एकच तांडा भेटला. आणि जनावरे चरत चरत चालत असल्यामुळे असा तांडा दिवसाकाठी सहासात मैलांहून अधिक मजल मारीत नाही, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानेही दहाबारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केलेले आहे. हा प्रचंड व्यवहार ज्या साधनावर चाले ते साधन म्हणजे जाड सुताडीची गोण. गोणी नेहमी जोडीने असत; बैलाच्या पाठीवर आडव्या टाकल्या की एक डाव्या कुशीला आणि एक उजव्या कुशीला लोंबे, आणि दोहोंचे वजन सारखे असले तरच बैल घाट सरळ उतरे. एका बाजूला दोनचार शेर जास्त झाले तर ओझे सरके, पाठ सोलवटे आणि सोलवटलेल्या पाठीचा बैल पुढच्या मुक्कामापर्यंत निरुपयोगी ठरे. लाकडी पेटीचा कोपरा बरगडीत रुतला असता. गोण मात्र बैलाच्या अंगाचा आकार घेई आणि त्याच्या पावलाबरोबर हले. मुक्कामावर याच गोणी एकावर एक रचून त्यांची भिंत उभी करीत, म्हणजे वाटेत जे ओझे, तेच रात्री कुंपण होई. बोरघाटातून गाड्या जाण्याजोगा रस्ता सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० साली खुला झाला आणि त्याच घाटातून १८६३ मध्ये आगगाडी धावू लागली. तोपर्यंत कोकणातले मीठ देशावर चढले आणि देशावरचे धान्य कोकणात उतरले ते बहुतांशी या जोडगोणींतून.

व्यापाऱ्याच्या तांड्यापेक्षा स्वाराच्या सामानाचा विचार अधिक बारकाईने होणे क्रमप्राप्तच होते, कारण स्वाराचा जीव त्याच्या वेगात असतो. शिवछत्रपतींच्या लष्करी व्यवस्थेचे जे वर्णन कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत केले आहे, ते वाचताना सामानाविषयीची ही जागरूकता पदोपदी जाणवते. पावसाळ्याची छावणी उठून दसऱ्याच्या सुमारास लष्कर मुलुखगिरीस निघाले म्हणजे प्रत्येक लहानथोराजवळच्या चीजवस्तूंचा झाडा घेतला जाई. परत आल्यावर त्याच यादीशी ताळा पडे आणि अधिक निघेल ते सरकारात जमा होई. फौजेबरोबर बायका, बटकी वा कलावंतिणी नेण्यास सक्त मनाई होती. पंचवीस बारगिरांमागे एक पखाली आणि एक नालबंद अशी तरतूद होती; म्हणजे पाणी आणि घोड्याचा खूर या दोन गोष्टी सरकारच्या जिम्मेच्या, आणि बाकीचे बिऱ्हाड ज्याच्या त्याच्या खोगिराशी बांधलेले. खोगिरावरून दोन्ही अंगांना लोंबणारी खुर्जी, घोड्याच्या दाण्याचा तोबरा, पाऊसथंडीला घोंगडी, एवढ्यात जे मावेल ते बरोबर आणि उरेल ते घरी, असा हा रोखठोक जाबता होता.

याच्या उलट टोकाचे दृश्य पाहावयाचे असेल तर औरंगजेबाच्या छावणीकडे पाहावे. इटालियन प्रवासी जेमेली कारेरी १६९५ मध्ये कृष्णाकाठी गलगले येथे पोचला, तेव्हा तिथल्या बादशाही तळाचा घेर त्याला तीस मैलांचा असल्याचे सांगण्यात आले. बाजारपेठा, जनानखाना, हत्ती, तोफा आणि लाखो माणसे यांचे ते एक चालते नगरच होते. असे नगर हलवावयाचे म्हटले की अगोदर पुढच्या मुक्कामाची जागा पाहा, वाटा साफ करा, पाण्याची तजवीज करा. आणि तेवढ्या अवधीत मराठ्यांच्या टोळ्या रसद मारून दोन मजला पलीकडे निघून गेलेल्या असावयाच्या. १७२८ मध्ये पालखेडला पहिल्या बाजीरावाने निजामाला कोंडले, त्या यशाचे मर्मही हेच आहे. निजामाला आपला जड तोफखाना मागे ठेवून धावावे लागले, आणि बाजीरावाच्या स्वारांपाशी मागे ठेवण्याजोगे काही नव्हतेच.

परंतु हा धडा ज्यांनी दुसऱ्यांना शिकविला, त्यांनाच तीस वर्षांत त्याचा विसर पडावा, हे इतिहासाचे क्रौर्य होय. पानिपतच्या मोहिमेत सुरजमल जाट आणि मल्हारराव होळकर यांनी जड सामान, बायकामुले आणि बुणगे मागे सुरक्षित जागी ठेवून सडे लढावे, असा सल्ला दिल्याचे बखरी सांगतात. तो न मानण्याचा सेनापती सदाशिवराव भाऊसाहेबांचा निर्णय केवळ हट्टाचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर त्यांची मदार होती, तोफा आल्या की बैल आले, बैल आले की दाणावैरण आली, आणि तीर्थयात्रेच्या आशेने आलेल्या परिवाराला परमुलखात वाऱ्यावर सोडणेही सोपे नव्हते. तथापि १४ जानेवारी १७६१ च्या आधीचे दोन महिने त्या छावणीने ज्या उपासमारीत काढले, तिचे एक मोठे कारण न लढणाऱ्या तोंडांची आणि न हलणाऱ्या ओझ्यांची संख्या हेच होते. पराभवाची कारणे अनेक असतात. पण वजन हे त्यांतले असे कारण आहे, की जे निघतानाच तराजूत घालून पाहता आले असते.

सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेत शंभर वर्षांनंतर याच तत्त्वाचा एक अत्यंत नेटका आविष्कार झाला. एप्रिल १८६० ते ऑक्टोबर १८६१ या अल्प काळात मिसूरीतील सेंट जोसेफपासून कॅलिफोर्नियातील सॅक्रमेंटोपर्यंतच्या सुमारे १,९०० मैलांवर पोनी एक्सप्रेस ही घोडेस्वारांची डाक चालली. तिच्यासाठी मोचिला नावाची एक चामडी झूल शिवविली होती. ती खोगिरावर अंथरावयाची, खोगिराचे पुढचे बोंड आणि मागचा उंचवटा तिला पाडलेल्या भोकांतून वर काढावयाचे आणि स्वाराने तिच्यावरच मांड ठोकावयाची. झुलीच्या चार कोपऱ्यांना चार बंद कप्पे असत आणि त्यांत पत्रे भरलेली असत. ना बंद, ना दोरी, ना बकल. स्वाराच्या वजनाने झूल जागी बसे, आणि दर दहापंधरा मैलांवर घोडा बदलताना एका हिसक्यासरशी ती नव्या घोड्यावर जाई. तारायंत्राने ही डाक संपविली, परंतु बसणाऱ्याच्या वजनानेच सामान जागी राखण्याची ती युक्ती पुढे अगदी अनपेक्षित ठिकाणी पुन्हा उगवली.

मोटारसायकल जन्मास आली तेव्हा तिने घोड्याची जागा घेतली, आणि जागेबरोबर सामानाची रीतही घेतली. पहिल्या महायुद्धात ट्रायम्फ कंपनीची मॉडेल एच ही गाडी सुमारे ३०,००० च्या संख्येने फौजेला पुरविली गेली आणि निरोप्ये तिच्यावरून चिखलातून धावले. दुसऱ्या महायुद्धात बी.एस.ए.च्या एम-२० या गाड्या सव्वा लाखाहून अधिक निघाल्या, आणि त्यांच्या मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना खाकी कॅनव्हासच्या जोडपिशव्या टांगलेल्या असत, तर अमेरिकन हार्ले-डेव्हिडसनवर चामड्याच्या. घोडा गेला तरी खुर्जी राहिली. या पिशव्यांचा दोष एकच, पण मोठा होता: कॅनव्हास पाणी पितो, चामडे पाण्याने फुगते आणि उन्हाने तडकते. भिजलेल्या पिशवीतून भिजलेले अंथरूण काढून भिजल्या जमिनीवर पसरण्याचा अनुभव ज्याला आला, त्याला पेटीचा मोह पडला तर नवल नव्हे.

शांततेच्या काळात हा मोह फळाला आला. प्रथम फायबर ग्लासच्या, मग प्लॅस्टिकच्या आणि अखेरीस ॲल्युमिनियमच्या पेट्या आल्या. त्यांना कुलूप लागते, त्यांच्यावर बसून जेवता येते, त्या पाण्याला दाद देत नाहीत, आणि गाडी रस्त्यात उभी करून गावात फेरफटका मारावयाचा तर त्यांच्यासारखा दुसरा राखणदार नाही; डांबरी रस्त्याने एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात जाणाऱ्यास आजही पेटीच सोयीची आहे. परंतु पेट्या आणि त्या पेलणारी नळ्यांची चौकट मिळून रिकामेच वजन पंधरा किलोंच्या घरात जाते, शिवाय रिकामी जागा दिसली की ती भरल्यावाचून मनुष्यस्वभावास राहवत नाही. ईवन मॅकग्रेगर आणि चार्ली बूर्मन हे नट २००४ मध्ये लंडनहून पूर्वेच्या वाटेने न्यूयॉर्कला गेले, त्या प्रवासाच्या चित्रमालिकेने ॲल्युमिनियमच्या पेट्यांना जगभर कीर्ती दिली. पण तीच मालिका डोळसपणे पाहणाऱ्यास मंगोलियाच्या चिखलात त्या लादलेल्या गाड्या पुनःपुन्हा आडव्या होताना दिसतात. त्यांच्या छायाचित्रकाराच्या गाडीची तर चौकटच तिथे मोडली आणि त्याला एक साधी रशियन गाडी विकत घेऊन वेळ मारून न्यावी लागली. कच्च्या वाटेवर पेटीचा आणखी एक धोका असतो: गाडी कलू लागली की स्वार सहजप्रवृत्तीने पाय टेकतो, गाडी पुढे सरकते आणि तो पाय पेटीच्या कडेखाली सापडतो. पिशवी तिथे दबते. पेटी दबत नाही.

पिशवीचे पुनरागमन झाले ते रसायनशास्त्राच्या कृपेने. नायलॉनचा शोध १९३५ चा. पुढे त्याच्या चिवट धाग्यांपासून कोर्डुरासारखी कापडे निघाली. अशा कापडाच्या जाडीसाठी विक्रेते डेनिअर हे माप सांगतात. ९,००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम तितके त्याचे डेनिअर, म्हणून हजार डेनिअरचे कापड दगडाला घासले तरी सहसा हार जात नाही. पाण्याचा प्रश्न मात्र निराळ्याच वाटेने सुटला. हार्टमुट ऑर्टलीब हा जर्मन तरुण १९८१ मध्ये इंग्लंडात सायकलवरून फिरत असता पावसाने भिजून गेला. रस्त्याने जाणाऱ्या मालट्रकची ताडपत्री पाहून त्याच्या मनात आले, की ट्रकमधला माल जर कोरडा राहतो तर आपले सामान का राहू नये. घरी येऊन त्याने आईच्या शिवणयंत्रावर ताडपत्रीच्या पिशव्या शिवल्या, आणि १९८२ मध्ये त्याचाच कारखाना झाला. पुढे टाक्यांच्या भोकांतून पाणी झिरपू नये म्हणून शिवणीच्या जागी सांधे तापवून जोडण्याची रीत आली, आणि चेनऐवजी तोंड गुंडाळून मिटण्याची. हे तोंड मिटताना आतली हवा दाबून काढावी, दोन्ही काठ जुळवून किमान तीन वेढे घ्यावेत आणि मगच बकल लावावे. दोन वेढ्यांवर भागविणाऱ्याची पिशवी पहिल्याच ओढ्यात पाणी घेते. २००८ च्या सुमारास अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जायंट लूप या संस्थेने नालाच्या आकाराची एक पिशवी काढली. ती आसनाच्या मागून दोन्ही बाजूंना वेढून बसते, तिला लोखंडी चौकट लागत नाही, आणि तिचे पुढचे टोक स्वाराच्या मागेच दाबले जाते. पोनी एक्सप्रेसच्या झुलीशी तिचे नाते कोणाच्याही ध्यानात यावे.

आपल्याकडे हा इतिहास थोड्या वेगळ्या क्रमाने घडला. १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडियाची स्थापना झाली आणि बुलेट ही फौजेची व पोलिसांची गाडी म्हणून देशभर परिचित झाली. लडाख पर्यटकांना १९७४ मध्ये खुले झाले, मनाली-लेह रस्ता १९८९ मध्ये. आणि मग पुण्यामुंबईचे स्वार दर उन्हाळ्यात तिकडे लोटू लागले. त्यांच्यासाठी दिल्लीच्या करोलबागेत आणि मनालीच्या गॅरेजांत जी लोखंडी चौकट बसवून मिळते, तिला सारे लडाख कॅरिअर म्हणतात: आसनामागे सपाट जाळी, दोन्ही अंगांना चौकोनी कठडे आणि पेट्रोलच्या डब्यांना जागा. तिच्यावर पूर्वी लष्करी बाजारातली कॅनव्हासची पिशवी प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून सुंभाने करकचून बांधीत; दर तासाला थांबून सुंभ पुन्हा आवळावा लागे, आणि पिशवी सायलेन्सरवर झुकली तर जळका वास येईपर्यंत पत्ता लागत नसे. आता मुंबईच्या राइनॉक्स आणि बंगळूरच्या व्हायाटेरा या देशी संस्थाच उत्तम जोडपिशव्या करतात, आणि सुंभाची जागा रुंद पट्ट्यांनी घेतली आहे.

या साऱ्या परंपरेतून निवडीचे जे नियम हाती लागतात, ते लमाणाला नवे वाटले नसते. पिशव्या जोडीने घ्याव्यात आणि दोन्ही बाजू शक्य तर काट्यावर तोलून भराव्यात. जड वस्तू, म्हणजे अवजारे, पाणी, शेगडीचे इंधन, खाली आणि मागच्या आसापेक्षा पुढे ठेवाव्यात. हलके पांघरूण वर आणि मागे जावे. सायलेन्सर ज्या बाजूला असेल तिकडे धातूची आडपट्टी असल्याखेरीज पिशवी लटकवू नये. तंबू निराळ्या पिशवीत सर्वांत वर बांधावा, म्हणजे भर पावसात मुक्काम पडला तरी बाकीचे बिऱ्हाड न उघडता छप्पर आधी उभे राहते. कुलपाची उणीव मात्र मान्य करावी, आणि मौल्यवान ते अंगावर वागवावे.

तथापि पिशवीचा खरा गुण तिच्या कापडात नसून तिच्या मर्यादेत आहे. ती ठासून भरली की स्पष्ट नकार देते, आणि तो नकार मानणाराच दूर जातो. म्हणून पिशवीचे आकारमान दुकानात ठरवू नये. सारे सामान आधी घरच्या जमिनीवर मांडून सभासदाच्या फौजेप्रमाणे त्याचा झाडा घ्यावा, खोगीरभरती बाजूस सारावी आणि उरेल तेवढ्याच मापाची पिशवी आणावी. परतल्यावर त्याच यादीशी ताळा पाहावा. आणि औषधे व पंक्चरचे साहित्य एवढा अपवाद सोडून जी वस्तू सबंध प्रवासात एकदाही बाहेर निघाली नाही, तिचे नाव पुढल्या स्वारीच्या यादीतून निःसंकोच खोडून टाकावे.