ग्लीब जमीन

ग्लीब म्हणजे आयर्लंडमध्ये पॅरिशच्या (चर्चच्या स्थानिक विभागाच्या) धर्मगुरूला उपजीविकेसाठी लावून दिलेली जमीन. हा धर्मगुरू तेव्हाच्या राजमान्य प्रोटेस्टंट ‘चर्च ऑफ आयर्लंड’चा, कॅथलिक पाद्री नव्हे. वंशावळ शोधताना, करआकारणीसाठी झालेल्या आयर्लंडमधील जमिनींच्या ग्रिफिथच्या मूल्यांकनात (१८४७–६४) पूर्वजाच्या नावापुढे जमीन देणारा म्हणून ‘रेव्हरंड’ (धर्मगुरू) दिसला, की घराणेही त्याच पंथाचे असे धरले जाते. हा तर्क टिकत नाही. ग्लीब कसणाऱ्या कुळांत कॅथलिकही असत, आणि रेव्हरंडाची स्वतःची खाजगी जमीनही असू शके. बिशपपदाच्या जमिनी निराळ्या. त्या बहुधा पट्ट्याने दिलेल्या. १८६९ च्या कायद्याने १ जानेवारी १८७१ पासून या चर्चचा राजाश्रय संपला आणि जमिनी विक्रीस निघाल्या. खरेदीचा पहिला हक्क कुळांना होता. घराण्याचा पंथ ठरवण्यासाठी वाचकाने बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या पाहाव्यात.