‘टोटल वॉर: थ्री किंगडम्स’ : समीक्षकांचा कौल आणि खेळाडूंचा रोष

प्राचीन चीनमधील हान राजवटीच्या अस्तकाळावर बेतलेला ‘टोटल वॉर: थ्री किंगडम्स’ हा युद्धनीतिप्रधान व्हिडिओ गेम ब्रिटनमधील क्रिएटिव्ह असेंब्लीने घडवला आणि सेगाने २३ मे २०१९ रोजी प्रकाशित केला. पहिल्याच आठवड्यात त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

समीक्षकांनी त्यातील मुत्सद्देगिरी, हेरगिरी आणि सरदारांमधील स्नेह-वैराच्या गुंफणीची विशेष प्रशंसा केली. खेळाचे दोन प्रकार आहेत. ‘रोमान्स’मध्ये चौदाव्या शतकातील कादंबरीप्रमाणे वीर एकहाती सैन्य उधळून लावतात, ‘रेकॉर्ड्स’मध्ये चेन शौच्या तिसऱ्या शतकातील इतिहासग्रंथाला अनुसरून ते अंगरक्षकांच्या तुकडीसह लढणारे मर्त्य सेनानी ठरतात. सैन्यप्रकारांतील तोचतोपणा मात्र काहींना खटकला.

पुढे चित्र पालटले. ऑगस्ट २०१९ मधील ‘एट प्रिन्सेस’ ही पहिली मोठी पुरवणी इ. स. २९१ मध्ये सुरू होत असल्याने त्साओ त्साओ, ल्यू बेई यांसारखे लोकप्रिय नायक तीत नव्हते. तिचे स्वागत थंडच झाले. मे २०२१ मध्ये कंपनीने नवी भर घालणे थांबवल्याचे जाहीर केले. इ. स. २२० नंतरच्या वेई, शू आणि वू या तीन राज्यांच्या प्रत्यक्ष संघर्षाला स्वतंत्र प्रारंभबिंदू मिळालाच नव्हता. त्यामुळे संतप्त खेळाडूंनी, विशेषतः चिनी खेळाडूंनी, स्टीमवर प्रतिकूल अभिप्रायांचा वर्षाव केला. समीक्षकांनी हाती आलेला खेळ जोखला होता. खेळाडूंनी अपुरी राहिलेली कथा जोखली.