संगणकाचे जलशीतन

संगणकाचे जलशीतन ही संगणकातील प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड इत्यादी भागांत निर्माण होणारी उष्णता फिरत्या पाण्याच्या साहाय्याने वाहून नेण्याची पद्धत आहे. व्यवहारात ती 'वॉटर कूलिंग' किंवा 'लिक्विड कूलिंग' या नावांनी ओळखली जाते. या पद्धतीत उष्णता नाहीशी होत नाही. चिपच्या लहानशा पृष्ठभागावरील उष्णता मोठ्या पृष्ठभागाच्या रेडिएटरपर्यंत नेली जाते व तेथून खोलीतील हवेत सोडली जाते. रेडिएटरचा पृष्ठभाग मोठा असल्याने त्यावरील पंखे सावकाश फिरवले तरी चालतात. त्यामुळे संगणकाचे तापमान आणि आवाज ही दोन्ही कमी होऊ शकतात.

पार्श्वभूमी

प्रोसेसरला पुरवलेली जवळजवळ सर्व विद्युत ऊर्जा अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत अनेक घरगुती संगणकांच्या प्रोसेसरवर पंखाही नसे. २००४ साली आलेल्या पेंटियम ४ मालिकेतील काही प्रोसेसरांची उष्णता ११५ वॅटपर्यंत पोहोचली. २०२३ मधील इंटेल कोअर आय९-१४९००के या प्रोसेसरची कमाल टर्बो शक्ती २५३ वॅट आहे. चिपचे तापमान साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास ठरवून दिलेल्या मर्यादेला पोहोचले की प्रोसेसर स्वतःची गती कमी करतो. चलच्चित्र संपादन, त्रिमित आरेखन किंवा खेळ सुरू असताना संगणक अचानक मंदावण्याचे हे एक कारण असते.

तापमान वाढले की पंखे वेगाने फिरू लागतात आणि आवाज वाढतो. पंख्याची गती दुप्पट केल्यास हवेचा प्रवाह साधारण दुप्पट होतो. आवाजाची पातळी मात्र सुमारे १५ डेसिबलने वाढते. १० डेसिबलची वाढ मानवी कानाला साधारणपणे दुप्पट आवाजासारखी जाणवते. म्हणून लहान, वेगवान पंख्यापेक्षा मोठा, संथ पंखा शांत असतो.

तत्त्व

पाण्याची विशिष्ट उष्माधारकता हवेच्या सुमारे चौपट आहे आणि त्याची घनता कित्येक पटींनी अधिक आहे. त्यामुळे तेवढ्याच आकारमानाचे पाणी हवेपेक्षा सुमारे ३,५०० पट उष्णता वाहून नेते. उदाहरणार्थ, २०० वॅट उष्णता वाहून नेताना वाहकाचे तापमान केवळ १० अंशांनी वाढू द्यायचे असेल, तर दर मिनिटाला सुमारे १,००० लिटर हवा लागते. पाणी मात्र सुमारे ०.३ लिटर पुरते.

शेवटी ही उष्णता खोलीतील हवेतच सोडली जात असल्याने पाण्याचे तापमान खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. जलशीतन म्हणजे वातानुकूलन नव्हे.

रचना

जलशीतन यंत्रणेत पुढील प्रमुख भाग असतात.

वॉटर ब्लॉक: प्रोसेसरवर घट्ट बसवलेली, आत बारीक खाचा असलेली तांब्याची पोकळ ठोकळी. चिप व ठोकळी यांच्यामधील सूक्ष्म फटी थर्मल पेस्टने भरतात.

पंप: पाणी सतत फिरते ठेवतो. पंप बंद पडल्यास तापमान झपाट्याने वाढते.

रेडिएटर: पातळ नळ्या व पत्र्यांची जाळी. तिच्यावर सामान्यतः १२० किंवा १४० मिलिमीटरचे एक ते तीन पंखे बसवतात.

नळ्या व टाकी: नळ्या रबरी, प्लास्टिकच्या किंवा धातूच्या असतात. पाणी भरण्यासाठी व त्यातील हवेचे बुडबुडे वेगळे होण्यासाठी टाकी उपयोगी पडते.

प्रकार

'ऑल-इन-वन' प्रकारात पंप, ब्लॉक, नळ्या व रेडिएटर कारखान्यातच जोडून, द्रव भरून बंद केलेले असतात. हा प्रकार बसवणे सोपे असते. परंतु पंप बिघडल्यास बहुधा संपूर्ण संच बदलावा लागतो. दुसऱ्या प्रकारात वापरकर्ता सुटे भाग घेऊन यंत्रणा स्वतः जोडतो. सुरुवातीच्या हौशी वापरकर्त्यांनी यासाठी मोटारीच्या हीटरमधील रेडिएटर आणि मत्स्यालयातील पंप वापरले होते. या प्रकारात ग्राफिक्स कार्डही त्याच पाण्यावर थंड करता येते. मात्र खर्च व देखभाल वाढते.

इतिहास

मोठ्या संगणकांत ही पद्धत घरगुती संगणकाच्या जन्मापूर्वीपासून वापरात आहे. १९६० च्या दशकातील आयबीएम सिस्टिम/३६० मॉडेल ९१ मध्ये पाण्याचा वापर होता. १९८० साली जाहीर झालेल्या आयबीएम ३०८१ मध्ये अनेक चिपांच्या एकत्रित संचावर पाण्याने थंड होणारी पट्टी बसवलेली होती. १९९० च्या दशकात कमी वीज घेणाऱ्या सीमॉस तंत्रज्ञानामुळे मोठ्या संगणकांनाही हवा पुरेशी ठरली व जलशीतन मागे पडले. चिपांची उष्णता पुन्हा वाढल्यावर ते परतले. २०१० साली झ्युरिक येथील ईटीएच या तंत्रविद्यापीठात सुरू झालेल्या 'अक्वासार' या संगणकात सुमारे ६० अंश सेल्सिअसचे कोमट नव्हे तर चांगलेच गरम पाणी वापरून बाहेर पडणारी उष्णता इमारत उबदार ठेवण्यासाठी उपयोगात आणली गेली.

महाराष्ट्रातील वापर

पुणे येथे १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने 'परम' मालिकेतील महासंगणक विकसित केले. पुण्याच्या आयसर या संस्थेत २०१९ साली बसवलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकात प्रोसेसरपर्यंत थेट पाणी नेणारी शीतनपद्धत वापरली आहे.

संगणकाबाहेर हे तत्त्व कोल्हापूर परिसराला चांगलेच परिचित आहे. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे अनेक कारखाने आहेत. ओतकामात वापरल्या जाणाऱ्या इंडक्शन भट्टीचे वेटोळे पोकळ तांब्याच्या नळीचे असते आणि ते वितळू नये म्हणून त्यातून सतत पाणी फिरवले जाते. ऊसपट्ट्यात विहिरीचे पाणी उपसण्यासाठी वापरली गेलेली डिझेल इंजिनेही बहुधा पाण्यावरच थंड होत. भट्टी, इंजिन आणि संगणक यांत पाण्याचे काम एकच आहे. संगणकाच्या बाबतीत उष्णतेची जागा नखाएवढी लहान असते आणि शेजारीच विजेचे नाजूक भाग असतात, एवढाच भेद.

हवामान व देखभाल

कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ३५ अंशांच्या पुढे जाते. त्या वेळी रेडिएटरला मिळणारी हवाच उष्ण असल्याने हिवाळ्यात ७० अंशांवर राहणारा प्रोसेसर तेवढ्याच कामासाठी ८० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. हा यंत्रणेतील बिघाड नव्हे. पावसाळ्यातील दमट हवेमुळे नळ्यांवर दव साचेल, ही भीतीही सामान्यतः निराधार असते. दव साचण्यासाठी पृष्ठभागाचे तापमान दवबिंदू तापमानाखाली जावे लागते; खोलीच्या हवेवर चालणाऱ्या यंत्रणेत तसे होत नाही. पाण्यात बर्फ टाकल्यास मात्र हा धोका उद्भवतो. वीज गेल्यास पंप बंद पडतो, परंतु संगणकही त्याच वेळी बंद होत असल्याने हानी होत नाही.

नळाचे किंवा कूपनलिकेचे पाणी या यंत्रणेत वापरू नये. दुष्फेन पाण्यातील क्षारांचे थर ब्लॉकच्या बारीक खाचांत साचून प्रवाह अडतो. ऊर्ध्वपातित पाण्यात क्षरणरोधक व शेवाळरोधक द्रव्ये मिसळून वापरतात. तांबे व ॲल्युमिनियमचे भाग एकाच पाण्यात आल्यास विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियमचे क्षरण होते, म्हणून या धातूंचे मिश्रण टाळतात. शुद्ध पाणी विजेचे मंदवाहक असले तरी धातूंच्या संपर्काने त्यात लवकरच आयन मिसळतात. त्यामुळे गळती झाल्यास मदरबोर्डला धोका असतोच. नवी जोडणी केल्यावर इतर भागांना वीज न देता केवळ पंप काही तास चालवून गळती तपासली जाते.

'ऑल-इन-वन' संचात थोडी हवा राहतेच व ती सर्वांत उंच जागी जमा होते. पंप त्या जागी आल्यास गुरगुर ऐकू येते व पंपाचे आयुष्य घटते. म्हणून रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच ठेवतात.

मर्यादा व पर्याय

जलशीतन केल्याने संगणक निश्चितच शांत होतो असे नाही. पंप स्वतः आवाज करतो आणि काम नसताना तोच अधिक जाणवू शकतो. वीजपुरवठा संच व हार्ड डिस्क यांचा आवाज तसाच राहतो. मोठी हीटसिंक व १४० मिलिमीटरचा संथ पंखा यांनी मध्यम क्षमतेच्या प्रोसेसरची गरज बहुधा भागते. शिवाय त्यात गळतीची शक्यताच नसते. अचानक तापू लागलेल्या जुन्या संगणकात बहुतेक वेळा हीटसिंकमध्ये साचलेली धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट किंवा भिंतीला टेकवून ठेवलेले कॅबिनेट हे कारण असते. ते दूर न करता बसवलेले जलशीतन केवळ खर्च वाढवते. सतत जड काम करणाऱ्या, दोनशे वॅटहून अधिक उष्णता निर्माण करणाऱ्या संगणकांत या पद्धतीचा लाभ स्पष्ट दिसतो.

हे सुद्धा पहा

परम (महासंगणक)
सी-डॅक
उष्णता
प्रोसेसर