पाण्याच्या अलीकडे, पाण्याच्या पलीकडे: गिरगावातले बाप्तिस्मे

आजचा एपिसोड गिरगावातला आहे आणि विषय आहे बाप्तिस्मा. डोक्यावर पाणी घेऊन किंवा पाण्यात बुडून होणारा हा ख्रिस्ती संस्कार. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात याच गोष्टीला लोक एका शब्दात उडवून लावायचे: "बाटला!"

आधी ख्रिस्ती बाजू समजून घेऊ. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडवणं. यार्देन नदीत योहानाच्या हातून येशूने बाप्तिस्मा घेतला, तिथून ही प्रथा पुढे चालत आली. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात याचा अर्थ फार थेट सांगितलाय. पाण्यात जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि वर येणं म्हणजे नवं जीवन. म्हणजे हे नुसतं अंग धुणं नाही, यात एक मरणही आहे. पद्धती मात्र वेगवेगळ्या. दादरच्या पोर्तुगीज चर्चमध्ये कॅथलिक घरातलं तान्हं बाळ आणतात, त्याच्या डोक्यावर पाणी ओततात. बॅप्टिस्ट मंडळी म्हणतात, आधी स्वतःला कळू दे, मग पूर्ण बुडव. यावर ख्रिस्ती लोक कित्येक शतकं भांडतायत, त्यात आपण आज पडायला नको.

आपण जाऊ १८३९ च्या गिरगावात. चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. ते ज्यांच्या नावाचं, ते स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. त्यांचं ठाणं गिरगावात आंब्रोलीला. त्यांच्या शाळेत हिंदू, पारशी मुलं इंग्रजी शिकायला यायची, बायबलही वाचायची. पालकांना ते चालत होतं. मग १ मे १८३९ ला धनजीभाई नौरोजी या पारशी मुलाने बाप्तिस्मा घेतला, पाठोपाठ होरमसजी पेस्तनजींनी. झालं, शहर पेटलं. धनजीभाई तेव्हा जेमतेम सोळा-सतरा वर्षांचे. मुलाला हजर करा म्हणून प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने धनजीभाईंना कुठे जायचं ते स्वतः ठरवू दिलं आणि ते विल्सन यांच्याबरोबर परत गेले. पारशी पालकांनी धडाधड मुलं शाळेतून काढली.

इथे एक गोष्ट बघा. बायबल तेच, मास्तर तेच, मुलाच्या मनातला विश्वासही पाण्याच्या आदल्या दिवशी तोच होता. बोंब झाली ती पाणी पडल्यावर. आमच्या कामात कोड स्वतःच्या लॅपटॉपवर महिनोन्महिने पडून असतो, कोणी विचारत नाही. प्रॉडक्शनवर गेला की सगळ्यांचे फोन. तसंच काहीसं.

पण मला सगळ्यात जास्त छळते ती १८४३ ची केस. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने त्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय साधारण बारा, तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलगा अज्ञान म्हणून त्यांच्या ताब्यात दिला. गोष्ट संपायला हवी होती ना? खरी तिथून सुरू झाली. श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. म्हणजे चर्चच्या हिशोबात पोरगा अजून आत गेलेला नव्हता आणि जातीच्या हिशोबात कधीच बाहेर पडला होता. बारा वर्षांचं पोर, दोन्ही दारांच्या मधल्या पायरीवर.

'दर्पण'वाले बाळशास्त्री जांभेकर तेव्हा पुढे आले. प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्या, अशी बाजू त्यांनी लावून धरली. सनातनी मंडळींनी कडाडून विरोध केला, मुंबईतल्या ब्राह्मणांत तट पडले. गंमत अशी की प्रायश्चित्तातही स्नान आलंच. वाद शेवटी कुठलं पाणी जास्त पक्कं, यावर येऊन ठेपला. जांभेकरांना आपण पहिले मराठी पत्रकार म्हणून परीक्षेपुरतं पाठ करतो, पण माझ्या मते त्यांची खरी हिंमत या एका पोरासाठी दिसली.

मोठा भाऊ नारायण परतला नाही. पुढे पाळक झाला आणि जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती उभी केली, मुख्यतः मांग समाजातल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी.

तेव्हा धर्म बदलला की वारसाहक्कही जायचा. तो वाचवणारा कायदा १८५० चा, एकविसावा. त्यामुळे जमिनीचा हिस्सा कागदावर तरी सुरक्षित झाला. पण आई-बाप, बायको, पंगत यांचं काय? विल्सन यांच्याच शाळेत शिकलेले बाबा पदमनजी मनाने ख्रिस्ती झाल्यावरही बराच काळ घुटमळत राहिले. १८५४ मध्ये बेळगावात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'यमुनापर्यटन' लिहिणारे तेच. ते घुटमळणं वाचायचं असेल तर त्यांचं आत्मचरित्र 'अरुणोदय' मिळवा.

आणि कवी ना. वा. टिळक. त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला, मुंबईतच. घरी काय आकांत झाला, ते लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवलंय. नवरा-बायको काही वर्षं वेगळे राहिले, मग एकत्र आले आणि पुढे लक्ष्मीबाईंनीही स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला.

या पाण्यासाठी टिळकांनी सगळं पणाला लावलं होतं. तरी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला, तेव्हा त्याचं दार बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही ख्रिस्तभक्तांना उघडं ठेवलं. हे अनेक मिशनऱ्यांना पचणं अवघडच होतं. टिळकांच्या हातात वेळ मात्र थोडा उरला होता. १९१९ च्या मे महिन्यात मुंबईतच ते गेले.